पहिल्या पाकिटासारखंच शंभरावं पाकीट! घरगुती मसाल्याचा दर्जा टिकवायचा कसा? बचत गट आणि छोट्या उद्योजकांनी नक्की वाचा

मार्च-एप्रिल आला की गावोगावी अंगणात लाल मिरचीची वाळवणं पडतात. कांडपाच्या यंत्रापुढे डबे घेऊन रांगा लागतात. घरचं वर्षाचं तिखट तर सगळेच करतात, पण गेल्या काही वर्षांत याच कामातून अनेक महिला बचत गटांनी आणि घरगुती उद्योजकांनी धंदा उभा केलाय. मिरची पावडर, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, हळद अशी पाकिटं तालुक्याच्या बाजारात, प्रदर्शनात आणि आता व्हॉट्सअॅपवरही विकली जातात.

सुरुवात बहुतेकांची चांगली होते. पहिल्या प्रदर्शनात माल हातोहात जातो, लोक नंबर घेऊन जातात. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मागच्या वेळचं तिखट लय भारी होतं, या वेळी तसं नाही लागलं." हे तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक खरं तर आपलं भलं करतं. बाकीचे काहीच बोलत नाहीत, ते फक्त परत येत नाहीत.

माल चांगला करता येत नाही म्हणून धंदा बसला, असं कमी वेळा घडतं. एकदा चांगला झालेला माल पुन्हा तसाच करता येत नाही, इथे बरेच जण अडकतात. म्हणूनच मसाल्याचं उदाहरण घेऊन हा दर्जा टिकवायचा कसा, ते पाहू. पापड, लोणचं, शेवया करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

दर्जा म्हणजे नक्की काय?

"आमचा माल एक नंबर" असं सगळेच म्हणतात. पण दर्जा मोजायचा तर तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, माल खायला सुरक्षित पाहिजे. त्यात बुरशी, किडे, माती, खडे, लोखंडाचा कीस, भेसळीचा रंग यातलं काही नको.

दुसरी, माल दर वेळी सारखा पाहिजे. रंग, तिखटपणा, वास, बारीकपणा मागच्या पाकिटासारखाच लागला पाहिजे.

तिसरी, पाकिटावर जे लिहिलंय तेच आत पाहिजे. वजन २०० ग्रॅम लिहिलं असेल तर २०० ग्रॅमच भरलं पाहिजे.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्या आईच्या हाताला चव असते, पण धंद्यात दहा बायका काम करतात आणि प्रत्येकीचा हात वेगळा असतो. म्हणून चव हातातून काढून वजनकाट्यावर आणि वहीत आणावी लागते.

एक घाणा बिघडला तर किती जातं?

समजा, एका गटानं ५० किलो मसाल्याचा घाणा केला. मिरची, खडा मसाला, तेल, कांडप, पाकिटं, मजुरी असा सगळा खर्च किलोला ३०० रुपये आला. म्हणजे घाण्यात १५ हजार रुपये अडकले. विकल्यावर किलोमागे ६० रुपये सुटतात असं धरलं, तर एका घाण्याचा नफा झाला ३ हजार.

आता हा घाणा ओलसर राहिला, त्याला वास लागला आणि फेकावा लागला तर १५ हजार गेले. ते भरून काढायला पाच चांगले घाणे करावे लागतील, आणि त्या पाच घाण्यांची मेहनत फुकट जाईल. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

आकडे तुमचे तुम्ही घाला, पण हा हिशोब एकदा गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. बिघडलेला माल "चालतंय, जाऊ दे" म्हणून विकण्याचा मोह का होतो, हे त्यातून कळतं. आणि बिघाड आधीच का रोखायचा, हेही कळतं.

अर्धा दर्जा खरेदीतच ठरतो

मिरची सगळी सारखी नसते. कर्नाटकातली ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. आंध्रातल्या गुंटूरकडची मिरची तिखट. लवंगी त्याहून झणझणीत. गडहिंग्लज भागात संकेश्वरी मिरचीचं नाव आहे, तर खानदेशात नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी ओळखली जाते. बरेच जण रंगासाठी एक आणि तिखटासाठी दुसरी अशा दोन मिरच्या मिसळतात.

इथेच पहिली चूक होते. पहिल्या वेळी तीन भाग ब्याडगी आणि एक भाग तिखट मिरची घेतली. पुढच्या वेळी ब्याडगीचा भाव चढला, म्हणून अर्धी-अर्धी घेतली. मसाला तिखटजाळ झाला, रंग फिका पडला. गिऱ्हाईकाला भावाचं काही माहीत नसतं, त्याला फक्त चव बदलल्याचं कळतं. भाव चढला तर पाकिटाची किंमत दहा रुपयांनी वाढवा आणि कारण सांगा, पण मिश्रण बदलू नका.

खरेदी करताना पोत्याच्या तोंडावरचा माल बघून फसू नका. पोत्यात मधून आणि तळातून मिरची काढून बघा. एक मिरची वाकवा, नीट वाळलेली असेल तर कडकन मोडते. कानाशी हलवली तर आत बिया खुळखुळतात. ओली मिरची चिवट असते, वाकते पण मोडत नाही. चिरून आत बघा, बियांवर पांढरी, करडी किंवा काळपट बुरशी दिसली तर ते पोतं घ्यायचं नाही. पांढऱ्या पडलेल्या, डाग असलेल्या मिरच्या जास्त दिसल्या तरीही नाही.

वाहतुकीत मिरची तुटू नये, वजन भरावं म्हणून काही ठिकाणी तिच्यावर पाणी मारलं जातं. अशी मिरची दहा रुपये स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त पडत नाही. कसं ते बघा. चांगल्या मिरचीचा भाव २०० रुपये धरा. ओलसर मिरची १९० रुपयांनी १०० किलो घेतली, तिच्यात १४ टक्के पाणी आहे. ती १० टक्क्यांपर्यंत वाळवली की उरते साधारण साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे तुम्हाला किलो पडली जवळपास १९९ रुपयांना. दहा रुपयांची बचत एका रुपयावर आली, वर वाळवण्याची मजुरी आणि बुरशीचा धोका वेगळाच.

देठांचाही हिशोब ठेवा. नवीन माल घेतला की एक किलो मिरची मोजून तिची देठं काढा आणि पुन्हा वजन करा. किती घट आली ते वहीत लिहा. व्यापाऱ्याशी भाव करताना हा आकडा हाताशी असला की बोलणं सोपं जातं.

बुरशी डोळ्यांना दिसतेच असं नाही

मसाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार मिरची पावडरमध्ये ओलावा वजनाच्या ११ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ओल जास्त राहिली की बुरशी धरते, आणि काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. हे विष यकृतावर घाला घालतं आणि त्यानं कॅन्सरचा धोका वाढतो. विशेष म्हणजे भाजल्यानं किंवा शिजवल्यानं ते पूर्ण नाहीसं होत नाही. पूड केल्यावर तर ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून "वरची बुरशी झटकली, ऊन दिलं, भाजून घेतली, आता काही होत नाही" हा समज मनातून काढून टाका. बुरशी लागलेली मिरची म्हणजे वाया गेलेली मिरची.

मग काय करायचं?

मिरची जमिनीवर, शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा डांबरी रस्त्यावर वाळत घालू नका. स्वच्छ ताडपत्री घ्या, शक्य असेल तर जमिनीपासून वर उचललेली जाळी किंवा बाज वापरा, म्हणजे खालूनही हवा खेळते. थर पातळ ठेवा, दिवसातून दोन-तीन वेळा हलवा. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवा, कारण रात्रीच्या दवानं दिवसभराचं ऊन वाया जातं. कोंबड्या, कुत्री, शेळ्या फिरकणार नाहीत अशी जागा बघा.

मिरची वाळली की नाही याचा घरगुती अंदाज घेता येतो. छोट्या काट्यावर बरोबर १०० ग्रॅम मिरची मोजा, ती कडक उन्हात वेगळी दिवसभर ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. वजन दोन-तीन ग्रॅमनं उतरलं तर मालात अजून ओल आहे असं समजा. हा फक्त अंदाज झाला. धंदा मोठा असेल तर ओलावा मोजायचं यंत्र घेणं परवडतं, गटा-गटांनी मिळून घेतलं तर आणखी सोपं.

साठवताना पोती भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या टाका. आणखी एक गोष्ट, पूड करून ठेवण्यापेक्षा अख्खी मिरची जास्त टिकते. पूड केली की उजेड आणि उष्णतेनं रंग लवकर उडतो. म्हणून हंगामात मिरची घ्या, नीट वाळवून ठेवा आणि विक्री बघून थोडी थोडी दळा. वर्षाचं तिखट एकदम दळून ठेवायची सवय घरासाठी ठीक आहे, धंद्यासाठी नाही.

वाटी बाजूला ठेवा, काटा घ्या

"धने दोन वाट्या, तीळ मूठभर, लवंग अंदाजानं" ही पाककृती घरात चालते. धंद्यात वाटी चालत नाही, कारण वाटीत धने दाबून भरले तर वेगळे आणि सैल भरले तर वेगळे बसतात. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये मोजा. एकदा पक्कं झालेलं प्रमाण मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. ज्या बाईनं पहिल्यांदा मसाला केला ती आजारी पडली, माहेरी गेली, तरी दुसरीला त्या कागदावरून तोच मसाला करता आला पाहिजे.

भाजण्याचंही तसंच. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, कारण धने आणि तीळ एकाच वेळी भाजले तर तीळ करपतात. एका कढईत किती किलो, आच किती, किती मिनिटं हे ठरवून ठेवा. मोबाईलमध्ये गजर लावता येतो, तो वापरा. एक मूठ करपलेला मसाला सगळ्या घाण्याला कडवटपणा देतो.

खोबरं आणि तीळ यांच्यात तेल असतं, ते जुनं झालं की खवट होतं. खोबऱ्याची वाटी घेताना फोडून वास घ्या. कांदा-लसूण मसाल्यात तर जास्तच काळजी घ्यावी लागते. कांदा आणि लसणात भरपूर पाणी असतं. ते नीट वाळवलं किंवा तळून कोरडं केलं नाही तर महिन्याभरात मसाल्याला वास लागतो. म्हणून दुसऱ्याच्या पाकिटावर बघून आपल्या पाकिटावर "६ महिने टिकेल" असं छापू नका. आपला मसाला किती टिकतो हे आपण ठेवून बघायचं असतं, ते कसं हे पुढे सांगितलंय.

कांडपाच्या यंत्रात काय होतं?

यंत्रात मिरची फार वेगानं, एकाच दमात बारीक केली तर ती तापते. तापली की वास उडतो, रंग काळवंडतो. त्यामुळे आधी भरड काढा, ती गार होऊ द्या आणि मग बारीक करा. चाळणी दर वेळी त्याच जाळीची वापरा. चाळणी बदलली की मसाल्याचा पोत बदलतो आणि तो गिऱ्हाईकाच्या बोटांना लगेच कळतो.

दळलेला मसाला गरम असताना पाकिटात भरू नका. आतल्या वाफेचं पाणी होतं, पाकिटाला आतून घाम येतो आणि गुठळ्या होतात. स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण गार करा, मगच भरा.

गावातल्या गिरणीत दळून आणत असाल तर आधी तिथे काय दळलं होतं ते विचारा. हळद किंवा शेंगदाण्याचं कूट दळलेलं असेल तर ते तुमच्या मसाल्यात उतरतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर हे बेतू शकतं. यंत्र झाडून घ्या आणि पहिला किलोभर माल बाजूला काढा. दळताना लोखंडाचा कीस पडतो, म्हणून पूड चांगल्या लोहचुंबकावरून जाऊ द्या. पहिल्यांदा हे केल्यावर चुंबकाला काय चिकटलंय ते गटातल्या सगळ्यांना दाखवा, नंतर कुणाला सांगावं लागणार नाही.

काम करणाऱ्यांनी डोक्याला रुमाल बांधावा, हात धुवावेत, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवाव्यात. जुलाब, उलटी, ताप असेल त्या दिवशी त्या ताईनं मालाला हात लावू नये. मजुरी बुडते म्हणून कुणी आजार लपवू नये, यासाठी त्या दिवशी तिला लेबल चिकटवणं किंवा हिशोबाचं काम द्या.

लाल रंगाचा मोह

"रंग जरा कमी वाटतोय, थोडा कलर टाकू का?" हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तर एकच, नाही. मिरची पावडरमध्ये वरून रंग टाकायला कायद्यानं बंदी आहे.

हा मोह किती महाग पडतो याचं उदाहरण जगानं पाहिलंय. सुदान नावाचे रंग कारखान्यात मेण, तेल, पॉलिश रंगवायला वापरतात, ते खाण्याचे नाहीत. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान-१ सापडला आणि युरोपनं मिरचीसाठी तपासणी सक्तीची केली. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमधल्या मिरची पावडरीत तोच रंग निघाला. तो सॉस इतर अनेक पदार्थांत वापरलेला होता, त्यामुळे ४०० पेक्षा जास्त पदार्थ दुकानांतून परत काढावे लागले. कुणीतरी मिरचीत रंग टाकला आणि त्याचा फटका प्रामाणिक शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मालालाही बसला.

तयार पूड विकत घेऊन पाकिटं भरणाऱ्यांनी तर डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. घरी करायची एक साधी चाचणी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि वरून चमचाभर तिखट टाका. रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असू शकतो. तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळा. कचकच लागली तर वाळू किंवा विटेची पूड, साबणासारखं गुळगुळीत लागलं तर शंखजिऱ्याची पूड असल्याचा संशय घ्या. पण लक्षात ठेवा, सुदान रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत पास झालेला माल शुद्धच आहे असं नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच नमुना तपासावा लागतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अख्खी मिरची घ्या आणि आपल्या समोर दळा.

पाकीट, वजन आणि लेबल

पूड केलेले मसाले सुटे विकायला कायद्यानं परवानगी नाही, ते पॅकबंदच विकावे लागतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून ओल आणि हवा आत शिरते, वासही उडतो. मसाल्यासाठी जाड, थर असलेली पाकिटं घ्या आणि पाकीट चिकटवल्यावर हातानं दाबून हवा कुठून निघते का ते बघा.

वजन करताना पाकिटाचं स्वतःचं वजन वजा करायला विसरू नका. पाकिटासकट २०० ग्रॅम भरलं म्हणजे आतला मसाला कमी भरला. काटा वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घेतलेला असावा. रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघा.

लेबलवर पदार्थाचं नाव, जास्त वापरलेल्यापासून कमी वापरलेल्यापर्यंत जिन्नसांची यादी, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, बॅच नंबर, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हे सगळं पाहिजे. हा नंबर फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. उलाढाल लहान असेल तर नोंदणी पुरते, मोठी असेल तर परवाना लागतो. लेबल छापण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा उमेद अभियानाच्या तालुका कक्षात एकदा दाखवून घ्या, म्हणजे छापलेली हजार लेबलं वाया जाणार नाहीत.

शंभर पानी वही आणि एक जादा पाकीट

दर्जा टिकवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे शाळेची साधी वही. प्रत्येक घाण्याला एक नंबर द्या आणि तोच पाकिटावर टाका. वहीत लिहा: तारीख, मिरची कुणाकडून घेतली, कुठल्या दिवशी, कुठली जात, किती किलो, बाकीचे जिन्नस किती, कुणी भाजलं, कुठे दळलं, किती पाकिटं निघाली, कुठल्या दुकानात किती गेली.

आणि प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट विकायचं नाही. त्यावर नंबर लिहून कपाटात ठेवायचं, मुदत संपेपर्यंत. याचे तीन फायदे आहेत.

एक, नवीन घाणा झाला की जुन्या पाकिटाशेजारी पांढऱ्या ताटलीत ठेवून दिवसाच्या उजेडात रंग बघा, वास घ्या आणि एकाच भाकरीबरोबर दोन्ही चाखा. फरक विक्रीच्या आधी कळतो.

दोन, दर महिन्याला ठेवलेलं पाकीट उघडून बघितलं की आपला मसाला खरोखर किती टिकतो ते समजतं. त्याला प्रयोगशाळेच्या तपासणीची जोड दिली की मुदत अंदाजानं छापावी लागत नाही.

तीन, तक्रार आली तर तो नमुना आपला साक्षीदार असतो.

तक्रार आली तर?

आधी वाद घालू नका. "आमच्याकडे असं होतच नाही" हे वाक्य विसरा. बॅच नंबर विचारा, फोटो मागवा, पाकीट बदलून द्या. मग वही उघडा. त्याच नंबरचं ठेवलेलं पाकीट बघा. ते चांगलं असेल तर बिघाड दुकानात किंवा वाहतुकीत झाला असू शकतो, दुकानदारानं पाकिटं उन्हात ठेवलीत का ते जाऊन बघा. ठेवलेलं पाकीटही खराब असेल तर त्या नंबरची सगळी पाकिटं दुकानांतून परत आणा. नंबर नसेल तर हे करता येत नाही, मग एकतर सगळाच माल परत आणावा लागतो किंवा गप्प बसावं लागतं. गप्प बसणं पुढे जास्त महाग पडतं, गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

'नको' म्हणणारी एक जण हवीच

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. गावात मिरची बऱ्याचदा ओळखीच्याकडून येते. कधी गटातल्याच ताईच्या दिराच्या शेतातली, कधी अध्यक्षांच्या भावाच्या दुकानातली. पोतं उघडलं, मिरची ओलसर निघाली, पण बोलायचं कुणी? नात्यात कडवटपणा कशाला, म्हणून सगळ्या गप्प राहतात. माल बिघडतो तो इथे.

यावर उपाय असा. गटाच्या बैठकीत ठराव करा की खरेदी करणारी वेगळी आणि माल तपासणारी वेगळी. तपासणारी "नको" म्हणाली की ते पोतं परत जाणार, मग ते कुणाचंही असो. तिच्या निर्णयावर कुणी रुसायचं नाही. पोतं नाकारायची कारणं आधीच लिहून ठेवा, म्हणजे मिरची मोडत नाही, बुरशी आहे, डाग जास्त आहेत, माती आहे. कारण कागदावर असलं की ते माणसावर जात नाही. दर सहा महिन्यांनी ही जबाबदारी दुसरीकडे द्या, म्हणजे वाईटपणा एकीच्याच वाट्याला येत नाही आणि तपासायचं कसं ते सगळ्या शिकतात.

ऐंशी रुपयांची गोष्ट

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम आहे असं वाटत असेल तर लिज्जत पापडाची गोष्ट आठवा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. जसवंतीबेन पोपट या त्या सात जणींपैकी एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत होत्या, त्यातला एक हलक्या प्रतीचा आणि स्वस्त होता. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच चांगल्या प्रतीचा पापड करा आणि दर्जाशी तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्यानं पापड वाळेनात आणि काम काही महिने बंद ठेवावं लागलं. ओले पापड त्यांनी विकले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी बाज आणि स्टोव्ह आणला, बाजेवर पापड आणि खाली स्टोव्ह.

पुढे हजारो घरांत पापड लाटले जाऊ लागले, तरी चव एक राहिली. कारण पीठ प्रत्येकीनं आपापल्या घरी मळायचं नाही असं ठरलं. पीठ केंद्रावर एकाच प्रमाणात मळलं जातं, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि लाटलेले पापड केंद्रावर आणल्यावर वजन करून तपासून घेतले जातात. आपल्या गटानंही हेच करायचं. चव ठरवणारं काम, म्हणजे मिश्रण आणि भाजणं, एका जागी करा. देठं काढणं, निवडणं ही कामं घरोघरी वाटून द्या, पण परत येताना तपासून घ्या.

माल बाहेर काढण्याआधी रोज विचारायचे ७ प्रश्न

१. मिरची कडकन मोडते का? आत बुरशी नाही ना?
२. सगळे जिन्नस काट्यावर मोजले का?
३. यंत्र आणि चाळणी झाडून घेतली का?
४. पूड पूर्ण गार झाली का?
५. जुन्या पाकिटाशी रंग, वास, चव जुळली का?
६. पाकिटावर बॅच नंबर, तारीख आणि बरोबर वजन आहे का?
७. वहीत नोंद झाली का आणि एक पाकीट कपाटात ठेवलं का?

एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर त्या दिवशी माल बाहेर जाऊ देऊ नका. एक दिवसाची विक्री बुडेल, गिऱ्हाईक मात्र राहील.

तालुक्यातल्या कृषी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात आणि उमेदच्या कक्षात प्रक्रिया उद्योगाचं प्रशिक्षण आणि अनुदानाच्या योजना यांची माहिती मिळते, तिथे जाऊन चौकशी करा. पण यंत्रासाठी अर्ज भरण्याच्या आधी ती शंभर पानी वही विकत आणा. आणि हे सात प्रश्न तुमच्या गटाच्या ग्रुपवर आजच पाठवा.